लाखेची झिलई

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तहनामे आणि वंशावळी, अशी एक समजूत आपल्या मनांत घर करून बसली आहे. घरांतील शिसवी टेबलाच्या पृष्ठभागालाही कांहीं इतिहास असेल, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही आलें नसतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांचें लिहिण्याचें टेबल आम्हीं ‘नवें’ करून घेण्यास एका दुकानदाराकडे दिलें. त्यानें जुनी झिलई यंत्रानें खरडून काढली आणि कांचेसारखें कठीण असें कृत्रिम रोगण त्यावर फवारून दिलें. टेबल झळकूं लागलें खरें. पण दुसऱ्याच पावसाळ्यांत एका कोपऱ्यांत त्या रोगणाचे पापुद्रे सुटूं लागले. तेवढाच भाग दुरुस्त करून द्या म्हणून आम्ही विचारावयास गेलों, तेव्हां “सर्व खरडून पुन्हां करावें लागेल” असें उत्तर मिळालें. जी झिलई गेली ती काय होती, याचा शोध आम्हीं तेव्हांपासून घेतला. त्या शोधाचें फल वाचकांपुढें ठेवीत आहों.

ती झिलई लाखेची होती. लाख ही आपल्याच देशांतील वस्तु. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या डाहाळ्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो, रस शोषितो आणि स्वतःच्या रक्षणासाठीं अंगांतून राळेसारखा पदार्थ स्रवतो, तीच लाख. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत लाक्षेचें स्तवन व्रण भरून काढणारी औषधि म्हणून आलें आहे. महाभारतांतील वारणावताचें जतुगृह तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. अमरकोशांत लाक्षेच्या पर्यायांत ‘द्रुमामय’, म्हणजे वृक्षाचा रोग, असें एक नांव दिलेलें आढळतें. लाख हा झाडाचा डिंक नसून झाडाला झालेली कांहीं बाधा आहे, इतकें निरीक्षण आपल्या पूर्वजांनीं केलें होतें, हें या एका शब्दावरून उघड होतें.

युरोपियनांना हें कोडें उलगडण्यास बराच काळ लागला. गोव्यांत राहून वैद्यकी करणारा गार्सिया द ओर्ता यानें 1563 सालीं तेथेंच आपला औषधिविषयक संवादग्रंथ छापला; त्यांत लाखेवर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि ती मुंग्या तयार करतात असें तो सांगतो. पुढें 1781 सालीं जेम्स केर यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत या कीटकाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. आज त्या कीटकास ‘केरिया लाक्का’ म्हणतात. त्यांतील पहिलें पद या केरचें, तर दुसरें आपल्या लाखेचें आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा साक्षीदार म्हणजे डच प्रवासी लिन्सखोटेन. 1583 सालीं तो गोव्यास आला आणि कांहीं वर्षें राहिला. 1596 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें येथील कातारी लोकांची रीत वर्णिली आहे. चरकावर लाकूड फिरत असतांनाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरावयाची; घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते आणि लाकडाच्या भेगांत शिरून घट्ट बसते. ही रीत आजही सावंतवाडीच्या आणि कर्नाटकांतील चन्नपट्टणच्या खेळण्यांत पाहावयास मिळते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं ही लाख केवळ लाकडावरच ठेविली नाहीं. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांनीं कडक केलेल्या कापडाच्या गोल गंजिफांवरही तिचा हात फिरवला. दशावतारी गंजिफेचीं 120 पानें खेळणाऱ्यांच्या बोटांत वर्षानुवर्षें टिकत, त्याचें श्रेय या लाखेसही आहे.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजी ‘लॅकर’ हा शब्द आपल्या लाखेवरूनच पोर्तुगीजांच्या मार्फत तयार झाला. परंतु चीन-जपानची प्रसिद्ध ‘लॅकर’ ही लाख नव्हेच, ती एका वृक्षाचा चीक होय. तिच्या चकाकीनें दिपलेल्या युरोपनें ती करूं पाहिली. पण तो चीक तिकडे मिळेना. तेव्हां हिंदुस्थानची लाख मद्यार्कांत विरघळवून तिची नक्कल सुरू झाली. 1688 सालीं इंग्लंडांत स्टॉकर आणि पार्कर यांनीं याच विद्येवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत लाखेच्या रोगणाच्या कृती दिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभास या रोगणाला बोळ्यानें घोटण्याची पद्धति रूढ झाली आणि तिलाच ‘फ्रेंच पॉलिश’ असें नांव पडलें. माल आपला, नांव मात्र परक्याचें! तीच पद्धति मुंबईच्या कोरीव शिसवी सामानाबरोबर आपल्या दिवाणखान्यांत परत आली.

लाखेचा व्यापार प्रथम तिच्या तांबड्या रंगासाठीं चाले. 1856 नंतर कृत्रिम रंग निघाले आणि तो व्यापार बुडाला. परंतु राळ उरली, आणि तिचेंच राज्य सुरू झालें. ती शुद्ध करण्याची जुनी रीत पाहण्यासारखी होती. धुतलेली दाणेदार लाख कापडाच्या लांब पिशवींत भरून कोळशाच्या भट्टीपुढें धरीत आणि पिशवी पिळीत. गाळून आलेला गरम रस पसरून त्याची पोळी करीत. मग एक कारागीर ती पोळी हातांनीं, पायांनीं आणि दांतांनीं ताणून कागदासारखी पातळ करी. तिचे तुकडे म्हणजे बाजारांतील चपडा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ग्रामोफोनच्या तबकड्याही याच चपड्याच्या मिश्रणाच्या असत. बालगंधर्वांचा सूर घरोघर पोहोंचला तो या कीटकाच्या पाठीवर बसूनच. राँचीजवळील नामकुम येथें 1924 सालीं लाखेच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या धंद्याचें महत्त्व ध्यानांत यावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. चपडा मद्यार्कांत म्हणजे स्पिरिटांत रात्रभर भिजत घालून गाळून घेतात. लाकूड कांचकागदानें रेषांच्या दिशेनें घांसून, त्याचीं छिद्रें खडूच्या रंगीत पुडीनें भरून घेतात. मग कापसाचा बोळा जुन्या सुती फडक्यांत बांधून, तो रोगणानें ओला करून, आधीं वर्तुळाकार, मग इंग्रजी आठच्या आंकड्याप्रमाणें आणि शेवटीं सरळ असा फिरवितात. एकेक थर इतका पातळ असतो कीं डोळ्यांस दिसूं नये. असे कित्येक थर दिवसांमागून दिवस चढवावे लागतात.

या कामांत जे दोष उत्पन्न होतात त्या प्रत्येकास कारण आहे. बोळा पृष्ठभागावर क्षणभर थांबला कीं खालचा थर विरघळून ओरखडा उठतो. म्हणून तो झोक्यासारखा यावा आणि झोक्यासारखाच निघून जावा. बोळा चिकटूं लागला तर त्यास जवसाच्या तेलाचा एक थेंब लावतात. पण थेंबाचे चार थेंब झाले, तर तें तेल कांहीं आठवड्यांनीं वर येऊन झिलई मलूल करतें. स्पिरिटांत विरघळवून महिनोन् महिने ठेवलेली लाख तर वाळतच नाहीं. साठवणींत तिचा मद्यार्काशीं संयोग होऊन ती चिकट राहते. यास्तव जाणता कारागीर कामापुरतीच लाख भिजवितो.

कोंकणांत व मुंबईंत सर्वांत मोठा शत्रु पावसाळा. स्पिरिट उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेंतील पाणी त्यावर उतरतें आणि झिलईंत पांढुरकी झांक येते. अननुभवी मनुष्य घाबरून खरडावयास बसतो. वास्तविक कोरडा दिवस पाहून, नुसत्या स्पिरिटानें किंचित् ओला केलेला बोळा हलक्या हातानें फिरवला, तर थर क्षणभर मऊ होतो, कोंडलेलें पाणी निघून जातें आणि झांक नाहींशी होते. पेल्याच्या बुडाचें पांढरें वर्तुळही बहुधा याच उपायानें जातें.

या उपायांतच लाखेचें खरें मर्म आहे. ती उष्णतेनें मऊ पडते, पाण्यानें डागळते, मद्यानें विरघळते. हीं तिचीं उणीं कोणीही नाकारणार नाहीं. ज्या टेबलावर रोज कढत भांडीं ठेवावयाचीं त्यास ती योग्य नव्हे, हेंही आम्ही मान्य करतों. परंतु जी विरघळते तीच पुन्हां सांधतां येते. शंभर वर्षांच्या जुन्या थरावर आजचा थर चढवला, तर दोन्ही एकजीव होतात. कृत्रिम रोगण एकदां घट्ट झालें कीं त्याचा नवा थर जुन्यांत मिसळत नाहीं. तें कठीण असतें, पण बिघडलें म्हणजे त्यास खरडण्यावांचून गति नाहीं, आणि प्रत्येक खरडणीबरोबर लाकडाचीही एक पापुद्री जाते.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे: घरांतील जुनें सामान कोणाच्या हवालीं करण्यापूर्वीं, न दिसणाऱ्या कोपऱ्यांत स्पिरिटाचा एक थेंब टाकून पाहावा. जागा चिकट झाली तर ती लाख समजावी, आणि खरडूं देऊं नये. बोळा फिरविणारा एखादा म्हातारा कारागीर आपल्या गांवीं अद्याप असेल. त्यास शोधावा, आणि त्याच्याजवळ कोणी मुलगा शिकत बसला आहे काय तेंही पाहावें. आमच्या टेबलाच्या बाबतींत आम्हांस हें शहाणपण उशिरां आलें. वडिलांच्या मनगटानें जेथें चाळीस वर्षें झिलई घोटली होती, ती जागा आतां कोणती, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.