राज्यव्यापी मतांची टक्केवारी (विधिमंडळ निवडणुका)

राज्यव्यापी मतांची टक्केवारी म्हणजे एखाद्या पक्षाला राज्यातील सर्व मतदारसंघांत मिळून पडलेल्या मतांचे एकूण वैध मतांशी असलेले प्रमाण. भारतात लोकसभेच्या व विधानसभेच्या जागा या प्रमाणात वाटल्या जात नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ८१ व १७० नुसार सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडले जातात. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळणे आवश्यक नसते.

मतदारसंघातील निकाल

कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर हे शहर शाहूवाडी विधानसभा व हातकणंगले लोकसभा मतदारसंघांत येते. शाहूवाडीत २०१४ साली शिवसेनेचे सत्यजित पाटील यांनी जनसुराज्य शक्ती पक्षाचे विनय कोरे यांचा अवघ्या ३८८ मतांनी पराभव केला. राज्याच्या बेरजेत हा आकडा जाणवतही नाही. जागा मात्र त्यानेच ठरवली. हातकणंगलेत २०२४ साली शिवसेनेचे धैर्यशील माने ५,२०,१९० मते मिळवून निवडून आले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे सत्यजित पाटील यांना ५,०६,७६४ आणि राजू शेट्टी यांना १,७९,८५० मते मिळाली. म्हणजे विजयी उमेदवाराविरुद्ध पडलेली मते अधिक होती, पण ती विभागलेली होती.

मते व जागा यांतील तफावत

महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला २६.१८ टक्के मते व ९ जागा, तर काँग्रेसला १६.९२ टक्के मते व १३ जागा मिळाल्या. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस (१२.४२ टक्के) व शिवसेना (१२.३८ टक्के) मतांत जवळपास बरोबरीत होत्या; जागा मात्र अनुक्रमे १६ व ५७ आल्या. अशी तुलना जपूनच करावी लागते. आघाडीतील पक्ष सर्व जागा लढवत नाहीत, टक्केवारी मात्र संपूर्ण राज्याच्या मतांवर काढली जाते. मित्रपक्षाला दिलेली मते त्या पक्षाच्या खात्यात धरली जात नाहीत.

बेरजेचे कायदेशीर महत्त्व

निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ नुसार विधानसभा निवडणुकीत ६ टक्के वैध मते व २ जागा मिळवणारा पक्ष राज्यस्तरीय मान्यतेस पात्र ठरतो. एकही जागा नसली तरी ८ टक्के मते पुरेशी असतात. राखीव चिन्ह या मान्यतेमुळे मिळते, त्यामुळे पराभूत उमेदवारांची मतेही पक्षाच्या दृष्टीने वाया जात नाहीत.

संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली गेली होती. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि सरकारच्या स्थैर्याची गरज ही कारणे देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जानेवारी १९४९ मध्ये तिला विरोध केला. विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात काही जागा यादीपद्धतीने भरण्याचा विचार पुन्हा मांडला. तो अमलात आलेला नाही.