ग्रहणी-व्रणावरील औषधोपचारांची तुलना
जठरातील अन्न लहान आतड्याच्या ज्या आरंभीच्या भागात उतरते, त्यास ग्रहणी म्हणतात. तिच्या आतील अस्तरावर होणारा व्रण हा जठरातील अम्लाचाच परिणाम होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अम्ल नाही तेथे व्रण नाही, हे सूत्र श्वार्ट्‌स यांनी १९१० मध्ये मांडले. शिकागो येथील बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध-साय व जोडीला अम्लनाशके देण्याची पद्धत प्रचारात आणली. तिने वेदना शमत. परंतु व्रण भरला की नाही, हे खात्रीने सांगता येत नसे.

१९७० नंतर लवचिक अंतर्दर्शकाचा वापर वाढून व्रण प्रत्यक्ष पाहता येऊ लागला. जेम्स ब्लॅक व त्यांचे सहकारी यांनी शोधलेले, हिस्टामिनाची अम्लोत्पादक क्रिया रोखणारे सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. रॅनिटिडीन (१९८१) व ओमेप्राझोल (१९८८) ही त्यानंतरची औषधे होत. औषधाविनाही काही व्रण भरून येतात. म्हणून रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देत. काही आठवड्यांत भरलेल्या व्रणांचे शेकडा प्रमाण हे औषधाच्या गुणाचे माप मानले जाई. या मापाने नवी औषधे सरस ठरली. मात्र औषध थांबविताच बहुसंख्य रुग्णांत व्रण पुन्हा उद्‌भवे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातील सूक्ष्मजंतू (हेलिकोबॅक्टर पायलोरी) वेगळे केले. मार्शल व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत नुसत्या सिमेटिडिनाने हे जंतू एकाही रुग्णात नष्ट झाले नाहीत. जंतू टिकून राहिलेल्यांपैकी ८४% रुग्णांत व्रण वर्षभरात उलटला. जंतू नष्ट झालेल्यांत हे प्रमाण २१% होते. व्हिएन्ना येथील १९९३ च्या चाचणीत सर्वांना रॅनिटिडीन, तर निम्म्यांना त्यासह दोन प्रतिजैविके दिली. सहा आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण प्रतिजैविकांसह ९२% व त्यांविना ७५% होते. वर्षभरातील पुनरुद्‌भवाचे प्रमाण मात्र अनुक्रमे ८% व ८६% आढळले. व्रण भरणे व रोग बरा होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले आणि तुलनेचे मापच बदलले.

वॉरन व मार्शल यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅस्पिरिनासारख्या वेदनाशामकांमुळे होणाऱ्या व्रणांत अम्लरोधक औषधांचे महत्त्व कायम आहे. काही प्रतिजैविकांना हे जंतू दाद देत नसल्याने औषधांच्या निरनिराळ्या संयोगांची तुलना अद्यापही चालू आहे.