डायव्हर्सिटीचा निबंध मुक्ताने १८५५ लाच लिहिलाय

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात बारावीचं किंवा पदवीचं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेतली बरीच कॉलेजं अर्जासोबत निबंध मागतात. त्यातल्याच एकाला 'डायव्हर्सिटी एसे' म्हणतात. तुम्ही कुठल्या समाजातून, कुठल्या परिस्थितीतून आलात आणि तुमच्यामुळे आमच्या वर्गात काय नवं येईल, ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं आणि त्यातून आपण कसे घडलो, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं तर कॉलेज ते विचारात घेऊ शकतं, असंही त्याच निकालात आहे.

आपल्याकडची पोरंही आता राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीच्या आशेने बाहेरचे अर्ज भरायला लागलीत. पत्रकार म्हणून कधी कधी माझ्याकडे निबंध दाखवायला आणतात. त्यात दोनच तऱ्हा दिसतात. एक तर सगळं झाकायचं. आईबाप 'शेती करतात' एवढंच लिहायचं, कोयत्याचा उल्लेखच नाही. नाहीतर 'मागास, दुष्काळी, अत्यंत गरीब' असं रडगाणं, तेही मोबाईलकडून लिहून घेतलेलं. वाचून डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही.

आता इतिहास बघा. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली मांग समाजाची मुलगी. वय जेमतेम चौदा. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. १८४२ ला आपल्या शेजारच्या अहमदनगरात सुरू झालेलं हे मिशनऱ्यांचं पत्र. 'आम्ही गरीब आहोत' एवढ्यावर मुक्ता थांबत नाही. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं काय व्हायचं, ते ती सांगते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला थंडी-पावसात काय सोसावं लागतं, तेही सांगते. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल करते. आणि शेवटी आपल्याच लोकांना म्हणते, शिका, तेच औषध आहे.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं लिखाण त्यांनी परक्या वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून केलं. त्यात व्याख्या देत बसले नाहीत, प्रसंग सांगितले. वडिलांना भेटायला निघालेली पोरं स्टेशनवर उतरतात आणि जात कळल्यावर त्यांना बैलगाडी मिळेना. १९३४ साली आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यापाशी, टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून केवढा गोंधळ झाला. वाचणारा कुठल्याही देशाचा असो, त्याला जात म्हणजे काय ते कळतं.

दोघांची रीत एकच. विशेषण कमी, प्रसंग नेमका आणि त्यातून उठलेला स्वतःचा प्रश्न.

तेव्हा ऊसतोडीच्या घरातल्या लेकराने 'गरिबी' हा शब्द बाजूला ठेवावा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ते लिहावं. मुकादमाची उचल कशी फिटते, दिवाळीनंतर शाळेचं काय होतं, उसाच्या पाचटाच्या कोपीत पुस्तक कुठं ठेवायचं, ते लिहावं. पण तेवढ्यावर थांबू नये. हे बघून मला काय प्रश्न पडला, मी काय केलं आणि पुढं काय शिकायचंय, हेही आलंच पाहिजे. नाहीतर ते दुःखाचं प्रदर्शन होतं. अर्ज दया मागायला नसतो.

आणि जे घडलं नाही ते लिहू नका. घडलेलंच इतकं आहे की मीठमसाला लावायची गरज नाही.

पालकांनो, लेकराने तुमच्या कोयत्याबद्दल लिहिलं तर लाजू नका. फक्त मुकादमाने किती उचल दिली, कितव्या वर्षी कुठल्या कारखान्यावर होतात, ते आकडे त्याला बरोबर सांगा.