जपणूक पत्त्यांची: प्रस्तावना

भिवंडीच्या माणसाला साठवणूक शिकवावी लागत नाही. माणकोली, राहनाळ, काल्हेर, कुठल्याही रस्त्याला लागा, दुतर्फा गोदामंच गोदामं. मुंबईतल्या एखाद्या मुलानं फोनवरून मागवलेलं पोकेमॉनच्या पत्त्यांचं पाकीटही इथूनच निघालेलं असू शकतं. पण गोदामाला माल चार दिवस सांभाळायचा असतो. तोच पत्ता चाळीस वर्षं सांभाळायचा, तर त्याचं एक शास्त्र आहे. या पुस्तकात ते आहे. या, आत या.

पत्ते जपण्याचा हा नाद बाहेरून आला असं समजू नका. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. चिंचोक्याची खळ, खडू, हातानं भरलेले रंग आणि वर लाखेचा लेप. ही कला विझत आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. मला त्या संचाच्या लाकडी पेटीचं फार अप्रूप आहे. पत्ते आत खुळखुळत नाहीत, आणि पेटीवरही तितकंच मन लावून रंगकाम केलेलं असतं. पेटी हा संचाचाच भाग, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

आजच्या छापील पत्त्याला लाखेचं कवच नाही, आणि त्याची किंमत तर तो किती जपला यावरच ठरते. मिकी मँटल या अमेरिकी बेसबॉलपटूचा १९५२ सालचा एक पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला. १९५२ च्याच, त्याच चित्राच्या, पण कोपरे झिजलेल्या पत्त्यांना याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी किंमत येते.

एवढा पैसा म्हटला की नवा संग्राहक आधी कुलूप शोधतो. माझ्या मते आपल्याकडे चोराहून जुलैची दमट हवा आणि चुकीचं कव्हर जास्त नुकसान करतात. एका परिचितानं च्युइंगगमसोबत मिळालेले क्रिकेटपटूंचे पत्ते लहानपणापासून लोखंडी कपाटात ठेवले होते, मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांत. एक पत्ता काढायला गेलो, तर चर्र आवाज झाला आणि फलंदाजाचा चेहरा प्लॅस्टिकला चिकटून वर आला. खाली उरला पांढरा, लवदार कागद. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं पाझरतं आणि शाईला धरतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचं कव्हर असतं, तर तो चेहरा वाचला असता. लॅमिनेशन तर करूच नका, ते परत निघत नाही.

बँकेच्या लॉकरबद्दलही डोळसपणा हवा. २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा इमारत कोसळणं अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेची चूक नसेल तर तीही नाही. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना तळमजल्यावरच्या लॉकरबद्दल अधिक सांगायला नको.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा: आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा आणि पत्ते असलेल्या खणात रात्रभर ठेवा. पत्त्यांना मानवते ४५ ते ५५ टक्के. पावसाळ्यात तुमच्या खणात सकाळी जो आकडा दिसेल, तो वहीत तारखेसह लिहा आणि मग पान उलटा.