हेडफोन जॅकविरहित स्मार्टफोन

हेडफोन जॅकविरहित स्मार्टफोन म्हणजे इअरफोनची ३.५ मि.मी. व्यासाची पिन बसण्यासाठी स्वतंत्र खोबण (हेडफोन जॅक) नसलेला भ्रमणध्वनी संच होय. अशा संचावर खासगीपणे ध्वनी ऐकण्यासाठी चार्जिंगच्या खोबणीत बसणारे इअरफोन, अडॅप्टर किंवा ब्लूटूथवर चालणारी बिनतारी साधने वापरावी लागतात. २०१६ नंतर महागड्या संचांतून हा जॅक झपाट्याने नाहीसा झाला. कमी किमतीच्या अनेक संचांत मात्र तो टिकून आहे.

इतिहास

या जॅकचे मूळ एकोणिसाव्या शतकातील दूरध्वनी केंद्रांत आढळते. तेथे दोन ग्राहकांच्या तारा जोडण्यासाठी पाव इंच (६.३५ मि.मी.) व्यासाची पिन वापरली जाई. तिची ३.५ मि.मी. व्यासाची लहान आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर रूढ झाली आणि १९७९ मध्ये बाजारात आलेल्या सोनी वॉकमनमुळे जगभर पोचली. वेगवेगळ्या उत्पादकांची साधने एकमेकांशी जुळत असल्याने ती एक सार्वत्रिक जोडणी ठरली.

ओप्पो आर५ (२०१४) आणि मोटो झेड (२०१६) या सडपातळ संचांत हा जॅक नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून तो वगळल्यावर हा विषय जगभर चर्चेत आला. त्यानंतर गूगल पिक्सेल २ (२०१७), वनप्लस ६टी (२०१८) आणि सॅमसंग गॅलॅक्सी नोट १० (२०१९) या संचांतही तो वगळण्यात आला.

वगळण्याची कारणे

जॅक काढल्यामुळे बॅटरी, कॅमेरा व इतर भागांना जागा मिळते आणि पाणी शिरण्याचा एक मार्ग कमी होतो, असे उत्पादक सांगतात. तथापि सॅमसंग गॅलॅक्सी एस७ (२०१६) हा संच जॅक असूनही जलरोधक होता. ॲपलने आयफोन ७ सोबतच एअरपॉड्स या बिनतारी इअरफोनची घोषणा केली होती. त्यामुळे या बदलामागे नव्या उपसाधनांच्या विक्रीचा हेतू असल्याची टीकाही झाली.

पर्याय व त्यांचे कार्य

फोनमध्ये ध्वनी अंकांच्या रूपात साठवलेला असतो. तो कानी पडण्यासाठी त्याचे विद्युत लहरींत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या मंडलास डॅक म्हणतात. जॅक असलेल्या फोनमध्ये ते आतच असते. जॅक नसल्यास ते कोठे आहे, यावर उपसाधनाची निवड अवलंबून असते.

डॅक नसलेला अडॅप्टर: हा केवळ तारांची जोड देतो. फोन स्वतःच्या डॅकमधील ध्वनी यूएसबी-सी खोबणीतून बाहेर पाठवत असेल, तरच तो चालतो. अन्यथा अडॅप्टर नीट बसूनही आवाज येत नाही.

डॅक असलेला अडॅप्टर: यात रूपांतर अडॅप्टरमध्येच होते, म्हणून तो बहुतेक आधुनिक संचांवर चालतो. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असल्याने खरेदीपूर्वी वेष्टनावर डॅकचा उल्लेख पाहणे आवश्यक ठरते.

दुहेरी अडॅप्टर: एकच खोबण असल्याने एरवी चार्जिंग व श्रवण एकाच वेळी होत नाही. दोन तोंडांच्या अडॅप्टरने ही अडचण दूर होते. बिनतारी चार्जिंगची सोय असलेल्या संचांवर त्याची गरज भासत नाही.

ब्लूटूथ: यात डॅक इअरफोनमध्येच असते. तारेची अडचण नसते. परंतु इअरफोनची बॅटरी वेळोवेळी चार्ज करावी लागते. ध्वनी संक्षिप्त करून पाठवला जात असल्याने तो किंचित उशिरा पोचतो. चित्रफीत दाखवणारी अनेक ॲप्स चित्रही तेवढेच थांबवून मेळ साधतात, मात्र खेळ किंवा वाद्यवादन यांत हा विलंब जाणवतो.

परिणाम

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधेवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन व्यक्तींना प्रत्येक स्पर्शानंतरचा असा विलंब त्रासदायक ठरू शकतो.

फोनवरील एफएम रेडिओसाठी तारेचा इअरफोन अँटेना म्हणून उपयोगी पडतो. ही सोय असलेल्या संचांवर इंटरनेट नसतानाही आकाशवाणीची एफएम केंद्रे ऐकता येतात. जॅक गेल्यावर हा मार्ग सामान्यतः बंद होतो. एप्रिल २०२३ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोनमधील एफएमची सोय कार्यरत ठेवण्याची सूचना उत्पादकांना केली. आपत्तीच्या काळात रेडिओवरून माहिती पोचावी, हा तिचा एक उद्देश होता.

तारेच्या इअरफोनला स्वतःची बॅटरी लागत नाही आणि पिन तुटल्यास ती पुन्हा डाखता येते. याउलट बिनतारी इअरफोनमधील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरागणिक घटते. बहुतेक संचांत ती सहज बदलता येत नसल्याने बॅटरी निकामी होताच संपूर्ण साधन ई-कचऱ्यात जमा होते.

पुनरागमन

जॅक वगळण्याचा निर्णय सर्वच उत्पादकांनी कायम ठेवला नाही. सोनीने एक्सपिरिया एक्सझेड२ (२०१८) मधून काढलेला जॅक एक्सपिरिया १ मार्क २ (२०२०) मध्ये पुन्हा दिला.