अकरा दिवसांची खोली

कंपनीनं लंडनमध्ये चौदा दिवसांचं हॉटेल दिलं होतं. पंधराव्या रात्री कुठं झोपायचं ते आपलं आपण बघायचं. २०२३ सालची गोष्ट. वाशिमहून निघताना आईनं दिलेली जवसाची चटणी अजून बॅगेतच होती आणि मी ऑफिस सुटलं की रोज तीन-तीन खोल्या बघत फिरत होतो.

इंग्लंडमध्ये भाड्यानं राहायचं म्हणजे आधी कागद. २०१६पासून तिथं भाडेकरूला देशात राहायचा हक्क आहे की नाही, हे घरमालकालाच तपासावं लागतं. त्याला 'राइट टू रेंट' म्हणतात. शिवाय पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, तिथली क्रेडिट हिस्टरी आणि तिथलाच जामीनदार. देशात येऊन चार दिवस झालेल्या माणसाकडे यातलं काय असणार? मग एजंट गोड आवाजात म्हणायचा, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा २०१९चा कायदा आहे. पण आगाऊ भाडं त्यात येत नव्हतं.

रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल आला. "भेटली का खोली?"

"नाही अजून."

"आडनाव विचारलं काय त्याईनं?"

"नाही बाबा. पगार विचारला."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

बाबा जिल्हा परिषद शाळेत मास्तर. रिसोड तालुक्यातल्या गावातून बदली होऊन वाशिमला आले तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ साली झाला. तेव्हा आम्ही अकोल्यात मोडायचो. एका घरमालकानं खोली दाखवली, भाडं ठरलं, बाबांनी दोन पोती सामान आणून टाकलं. तिसऱ्या दिवशी घरमालकानं गावात कुणाकडून तरी चौकशी केली आणि सांगितलं, भाची शिकायला येतेय, खोली लागेल. पुढं सहा महिने ती खोली रिकामीच होती, कारण बाबा शाळेत जाताना रोज तिच्यावरून जायचे. हे ते हसत सांगतात. मला अजून हसता आलेलं नाही.

त्या हॉटेलात मी एक जुनं मजकूर-पुस्तक परत वाचलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६च्या सुमाराला लिहिलेल्या आठवणी, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. छोटंसं आहे, फोनवर तासाभरात होतं. शाळेत आम्हाला त्यातला गोरेगावच्या बैलगाडीचा प्रसंग माहीत होता. पण बडोद्याचा प्रसंग मी पहिल्यांदा नीट वाचला तो घर शोधत असताना, आणि तो सरळ सरळ भाड्याच्या खोलीचा प्रसंग आहे.

आधीचं थोडं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांचे खोलीसोबती होते नवल भथेना, एक पारशी. १९१६ला लंडन. शिष्यवृत्ती संपली आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायला १९१७ साली ते बडोद्याला उतरले. न्यूयॉर्क आणि लंडन राहून आलेला माणूस, हातात सरकारी नोकरी, आणि स्टेशनवर उभं राहून पहिला प्रश्न: जायचं कुठं?

हिंदू खाणावळी म्हणजे विशी. तिथं ते घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. खोटी जात सांगून शिरता आलं असतं, पण उघडकीला आलं तर काय होईल, हेही ठाऊक होतं. टांगेवाल्याला विचारलं, कॅम्पात एखादं हॉटेल आहे का? तो म्हणाला, पारशांची धर्मशाळा आहे, पैसे घेऊन ठेवतात. (ब्रोकर त्या काळीही होते, फक्त कमिशन कमी घेत असावेत.) पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून ते हुरूपानं तिथं गेले. वरच्या मजल्यावर सामान चढलं, ते कपडे बदलू लागले, तेवढ्यात रखवालदार वही घेऊन आला. अंगात सदरा आणि कस्ती नाही हे त्यानं पाहिलं. ही जागा फक्त पारशांसाठी आहे, तो म्हणाला.

मग वाटाघाटी झाल्या. रखवालदाराला पैसे हवे होते, बरेच दिवस कुणी उतारू आला नव्हता. यांना छप्पर हवं होतं. तोडगा निघाला: रोज दीड रुपया, जेवणासकट, आणि वहीत पारशी नाव. कोलंबियात अर्थशास्त्रावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला एका खोलीसाठी स्वतःचं नाव मागं ठेवावं लागलं.

ती खोली कशी होती, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. एक लहान झोपायची खोली, शेजारी नळ असलेली न्हाणी. बाकी सगळा मोठा हॉल, त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्यांचा ढीग. विजेचे दिवे नाहीत. रखवालदार रात्री एक कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जायचा नाही. बोलायला माणूस नाही. हॉलमध्ये वटवाघळं फिरायची. ते पुस्तक वाचत बसायचे, संस्थानचा बंगला मिळेल या आशेवर.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून, कपडे करून ते ऑफिसला निघणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे. कोण तू, इथं का आलास, पारशी नाव का घेतलंस. थोडी मुदत मागितली तर मिळाली नाही. संध्याकाळी इथं दिसलास तर बघ, एवढं सांगून ते गेले. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्यानं बायको परगावाहून आल्यावर विचारून सांगतो म्हटलं. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवरचे पाच तास ते कामाठी बागेत बसून होते.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खोलीसोबती पारशी, आणि बडोद्यात काठी घेऊन आलेलेही पारशी. हे वाक्य मी मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. पुढं १९२०मध्ये परत लंडनला जायला पैसे कमी पडले तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते याच नवल भथेनांनी. म्हणजे धर्माचा हिशेब एवढा सोपा नाही.

हॉटेलचे तीन दिवस उरले तेव्हा आपल्याकडच्या लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर हॅरोमधली खोली दिसली. ऑफिसला थेट ट्यूब, भाडं परवडेल असं, आगाऊ रक्कम नाही. फोन केला. गृहस्थ मराठीच. वाशिम म्हटल्यावर खूश झाले, कारंजाला दत्ताच्या दर्शनाला येऊन गेलेले. मग म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. "बघतो, मिसेसशी बोलून कळवतो." जाहिरात पुढचे दहा दिवस ग्रुपवर तशीच होती. इंग्लंडमध्ये घर देताना वंशावरून भेद करायला १९६८च्या कायद्यानं बंदी घातली. त्याआधी खिडक्यांत 'काळे नकोत'च्या पाट्या असायच्या. जात त्यात स्पष्टपणे घालायचा विचार पुढं झाला आणि २०१८ला सरकारनं तो सोडून दिला.

त्या रविवारी मी १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ साली बाबासाहेब भाडेकरू म्हणून राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये विकत घेतलेलं. इथली घरमालकीण कडक होती, जेवण अपुरं, रात्री भूक लागली की ते पापड भाजून खायचे. तरी कुणी काठी घेऊन आलं नाही. शेजारच्या काहींनी या स्मारकाला हरकत घेतली होती, वस्तीची शांतता बिघडेल म्हणून. २०२०मध्ये परवानगी मिळाली. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. "खिडकी कोणती?" एवढंच त्यांनी विचारलं.

शेवटी एजंटकडूनच घेतली. महिना साडेआठशे पौंड, सहा महिन्यांचे एक्कावन्नशे, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास. बाबांनी एफडी मोडली. करारावर मी नाव, वडलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहिलं. एजंटनं कागद फिरवून बघितला आणि विचारलं, यातलं आडनाव कुठलं? लाइटच्या बिलासाठी लागेल.