चोखोबाची वंशावळ

राजघराण्यांच्या वंशावळी बखरकारांनी लिहिल्या, देशमुख-पाटलांच्या वतनाच्या कागदांत राहिल्या. गावकुसाबाहेरच्या घराची वंशावळ कोणी लिहायची? तरीही चौदाव्या शतकातल्या एका महार कुटुंबातली पाच नावे आपल्याला ठाऊक आहेत : चोखामेळा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका आणि मुलगा कर्ममेळा. कुठल्या कुलकर्ण्याच्या दप्तराने ती जपलेली नाहीत. या माणसांनी अभंग रचले, अभंगात आपली नाममुद्रा घातली, म्हणून ती उरली. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाईही अशीच. नामदेवाच्या घरची दासी, पण स्वतःच्या अभंगांमुळे उरली.

चोखोबा विटाळाचा अर्थ विचारतो, पण हीन जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतो. मुलगा तेवढ्यावर थांबत नाही. आम्हाला या जातीत घालून उष्ट्यावर का जगवलेस, असा जाब तो थेट विठ्ठलाला विचारतो. एका पिढीत एवढे अंतर पडले.

१३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडला गेला, असे परंपरा सांगते. कर्ममेळ्यानंतर या घरातला अभंगकर्ता दिसत नाही.

१९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधणारा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. १९५६ साली मात्र त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि पूर्वकर्माचा सिद्धांतच नाकारला.

चोखोबाचे वारस म्हणून आपल्याला नम्रतेचे धडे दिले जातात. वारसा सांगायचाच, तर तो कर्ममेळ्याच्या जाबापासून सांगितला पाहिजे.